नगरपरिषदेचं जुनं दप्तर सांभाळून ठेवायचं कशाला?

प्रश्न असा आहे: आमच्या तालुक्याच्या गावी नगरपरिषदेचं कार्यालय नव्या इमारतीत जातंय आणि रेकॉर्ड रूममधले जुने गठ्ठे रद्दीत काढायचं घाटतंय. हे दप्तर किती जुनं असतं, आणि आज त्याचा उपयोग काय?

यादी झाल्याशिवाय एकही गठ्ठा हलू देऊ नका. माझी बरीचशी नोकरी नगरपरिषदेच्या अभिलेख कक्षात गेली, म्हणून हे इतक्या ठामपणे सांगतोय.

आपल्याकडच्या पुष्कळ नगरपालिका १८५० च्या २६ व्या कायद्याखाली उभ्या राहिल्या. पनवेलची १८५२ ची, साताऱ्याची १८५३ ची. म्हणजे दप्तर दीडशे वर्षांच्या पलीकडचं असू शकतं. त्यात घरपट्टीच्या आकारणीची रजिस्टरं, जकातीचे हिशेब, दिवाबत्ती, देवी टोचल्याच्या नोंदी, १८९६ नंतर प्लेगचा पत्रव्यवहार, असं सगळं येतं. पण सगळ्यांत मोलाची दोनच: सभेची प्रोसिडिंग बुकं, म्हणजे ठराव उतरवायच्या वह्या, आणि जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या.

प्रोसिडिंग बुकाची किंमत कळायला महाडचं उदाहरण पुरेसं आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला. त्याला धरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. ठराव वहीत राहिला, तळ्यावर कोणी जाऊ शकलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तेव्हा नगरपालिकेचा तो ठराव त्यांच्या पाठीशी होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो मागे घेतला. डिसेंबरमध्ये स्पृश्यांनी दिवाणी दावा लावला: तळं सार्वजनिक नाही, अस्पृश्यांना मनाई ही अनादी वहिवाट, म्हणजे पूर्वापार चालत आलेली रीत आहे. शेवटचा निकाल लागायला नऊ वर्षांहून जास्त काळ गेला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तळं नगरपालिकेचंच धरलं, आणि वादींना अनादी वहिवाट शाबीत करता आली नाही. एका छोट्या गावच्या सभेत केलेला ठराव, मग तो फिरवणारा ठराव, तळ्याच्या मालकीचा प्रश्न: देशाच्या इतिहासातला एवढा मोठा लढा अशा कागदांभोवती फिरला. १९२४ साली वहीत तो ठराव उतरवून घेणाऱ्या कारकुनाला याची कल्पना असणं शक्यच नव्हतं. कुठला कागद उद्या कामाला येईल हे आज सांगता येत नाही, एवढं माझ्या मनावर त्यातून कायमचं ठसलं.

आता रोजचा उपयोग. जातीच्या दाखल्याला अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. शाळेचा जुना उतारा मिळाला नाही, की माणूस नगरपालिकेच्या दारात येतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा राज्यभर जुनी दप्तरं उघडून तपासली गेली आणि जुनी मोडी लिपी वाचणाऱ्यांना शोधून आणावं लागलं.

हे शोधकाम सोपं नसतं. जुन्या जन्मनोंदीत बाळाचं नाव बहुधा सापडतच नाही, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली असते. रकान्यात नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, पुढे बापाचं नाव, जात, धंदा, राहण्याची पेठ. आजोबांचं नाव घेऊन आलेला माणूस ते पान उलटून पुढे जातो. म्हणून पणजोबांचं नाव, राहण्याची जागा आणि अंदाजे साल विचारून मगच वही उघडायची. बायकांच्या माहेरच्या नोंदी शोधताना तर फार चिकाटी लागते.

राहिला रद्दीचा प्रश्न. सरकारी दप्तर अ, ब, क, ड अशा वर्गांत लावतात. ‘अ’ कायम ठेवायचं, ‘ब’ तीस वर्षं, बाकीचं त्याहून कमी. मुदत संपलेलं काढायला हरकत नाही, पण यादी करून आणि मंजुरी घेऊनच. खरी भीती असते ती चिठ्ठी नसलेल्या रुमालांची, म्हणजे फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यांची. वरचं फडकं फाटलेलं, आत काय आहे ठाऊक नाही, मग सगळंच ‘ड’ समजून ट्रकमध्ये जातं. वाळवीने खाल्लेल्या कागदापेक्षा असा गेलेला कागद मला जास्त जिव्हारी लागतो, कारण तो माणसाच्या हातून गेलेला असतो.

तुम्ही आत्ता एवढं करा. मुख्याधिकाऱ्यांना लेखी अर्ज देऊन ‘अ’ वर्गाची यादी मागा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार दप्तर सूचीबद्ध ठेवणं कार्यालयावर बंधनकारकच आहे, त्यामुळे ‘यादी नाही’ हे उत्तर मान्य करू नका. नव्या इमारतीत दप्तराला तळमजला देत असतील तर तिथेही हरकत घ्या, विशेषतः गाव नदीकाठी असेल तर. मोडीतले रुमाल निघाले तर पुराभिलेख संचालनालयाशी बोला, त्यांचे मोडीचे प्रशिक्षण वर्ग होतात. आणि अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या.