अ‍ॅपलेट डेटाबेसला कनेक्ट होत नाहीये? आधी एरर वाच

अरे भावा, तुझं अ‍ॅपलेट (वेबपेजमध्ये चालणारा छोटा जावा प्रोग्रॅम) डेटाबेसला कनेक्ट होत नाही म्हणून पासवर्ड बदलत बसू नको, ती एरर नीट वाच ना आधी. 'अ‍ॅक्सेस डिनाईड'च्या पुढे सॉकेटपरमिशन (नेटवर्कवर जोडणी करायची परवानगी) लिहिलंय म्हणजे मायएसक्यूएल डेटाबेसपर्यंत तू पोचलाच नाहीस, ब्राउझरमधल्या जावानेच दारात अडवलंय. साइन न केलेलं (डिजिटल सही नसलेलं) अ‍ॅपलेट ज्या सर्व्हरवरून आलं त्याच्याशीच बोलू शकतं, बस. आता त्याच ओळीत पत्ता बघ, १२७.०.०.१:३३०६ दिसतोय? मग कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (कोडमधल्या डेटाबेसच्या पत्त्यात) लोकलहोस्ट तसंच राहिलंय, आणि युजरच्या मशीनवर लोकलहोस्ट म्हणजे त्याचंच मशीन! सातपूरला एका क्लायंटकडे मी ह्याच्यात अख्खी दुपार घालवलीय, माझ्या लॅपटॉपवर मस्त चालायचं कारण डेटाबेस पण तिथेच होता.

जार (अ‍ॅपलेटची फाइल) साइन करता येते पण सेल्फ-साइन्ड (आपली आपणच सही केलेली) नको, जावा ७ अपडेट ५१ पासून ती पण ब्लॉक होते. पॉलिसी फाइल (जावाला परवानग्या देणारी फाइल) म्हणशील तर प्रत्येक पीसीवर जाऊन टाकत बसावी लागेल, शिवाय जार डीकंपाइल करून (परत कोडमध्ये उलगडून) कोणीही त्यातला डेटाबेसचा पासवर्ड काढेल. मध्ये एक सर्व्हलेट (सर्व्हरवर चालणारा जावा प्रोग्रॅम) टाक, डेटाबेसशी तोच बोलेल. आणि कॉलेजचं प्रॅक्टिकल नसेल तर अ‍ॅपलेट सोडच, २०१८ मध्ये जावा ११ आलं तेव्हाच ब्राउझर प्लगइन (ब्राउझरमध्ये अ‍ॅपलेट चालवणारा भाग) काढून टाकलंय.