'ऑलिंपिक ट्रूस'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की भाचीच्या शाळेत वादविवाद स्पर्धा आहे, विषय 'आंतरराष्ट्रीय क्रीडासंघटनांनी शांततेसाठी आपलं वजन वापरावं का', आणि तिच्या भाषणात 'ऑलिंपिक ट्रूस'ला (म्हणजे खेळांच्या काळापुरतं लढाई आवरण्याच्या आवाहनाला) 'ऑलिंपिक शस्त्रसंधी' लिहिलंय, ते चालेल का.

चालेल, पण मला नाही आवडत. पेपरात सीमेवरच्या बातम्यांमुळे शस्त्रसंधी रुळलाय हे खरं, पण शाळेतल्या पोरांना संधी म्हणजे चान्स एवढंच माहीत, त्यामुळे शस्त्रसंधी म्हणजे शस्त्रं चालवायची संधी असं कोणी ऐकलं तर त्याचा काय दोष! युद्धबंदी बरा आहे, फक्त हिंदीत युद्धबंदी म्हणजे युद्धकैदी आणि आता बातम्या भाषांतर करून येतात त्यात कधीकधी तोही अर्थ डोकावतो. तह तर अजिबात नको. पुरंदरचा तह आठवा, किल्ले किती द्यायचे, मुलूख कोणाचा, सगळं ठरलं होतं त्यात. ऑलिंपिकमध्ये कोणी काही देत नाही घेत नाही.

मूळ ग्रीक शब्द आहे 'एकेखेइरिया', त्यात खेइर म्हणजे हात, आणि पहिला भाग धरणं, रोखणं या अर्थाचा. म्हणजे आपल्याकडे आई दोन भावंडांच्या मधे पडून ओरडते ना, 'हात आवर!', अगदी तेच. तिला भांडण मिटवायचं नसतं, पाहुणे घरात आहेत तोवर मारामारी नको एवढंच असतं. प्राचीन ऑलिंपियाचंही असंच होतं, ग्रीसमधली युद्धं काही थांबायची नाहीत (हा गैरसमज फार पसरलाय), फक्त खेळाडू, यात्रेकरू यांना वाटेत त्रास द्यायचा नाही आणि एलिसच्या (म्हणजे ऑलिंपिया ज्या राज्यात होतं त्याच्या) भूमीवर हत्यार आणायचं नाही. जुन्या मराठी कागदपत्रांत अशा आश्वासनाला 'कौल' म्हणायचे, कौल मिळाला की बिनधास्त यायचं. तेव्हाच्या ट्रूसला खरा जवळचा शब्द तोच, पण आज कौल म्हटलं की निवडणूक नाहीतर छपरावरची कौलं.

आणि हा कौल मोडला तर? इ.स.पू. ४२० ची गोष्ट ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसने लिहून ठेवलीय. स्पार्टा या ग्रीक राज्याने ट्रूसच्या काळात लेप्रिऑन गावात फौज घातली म्हणून एलिसवाल्यांनी २,००० मिना (तेव्हाचं ग्रीक चलन) दंड ठोकला, शिपायामागे २ मिना. स्पार्टाचं म्हणणं काय, तर आमची फौज निघाली तेव्हा आमच्याकडे ट्रूसची दवंडीच पिटली नव्हती! दंड भरला नाही, मग त्यांना स्पर्धेत घेतलं नाही. ही सबब वाचून मला दरवेळी हसू येतं, कारण आजचा कुठलाही परराष्ट्र प्रवक्ता हेच बोलेल.

आधुनिक ट्रूस १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाने पुन्हा आला. सध्या त्याची मुदत ऑलिंपिकच्या ७ दिवस आधीपासून पॅरालिंपिक संपल्यावर ७ दिवसांपर्यंत असते. मुदत ठरलेली आहे, म्हणून माझं मत 'युद्धतहकुबी'ला. सभा तहकूब होते म्हणजे रद्द होत नाही, पुढे परत भरणार असते. शब्द जुनाट वाटेल, पण अर्थ तंतोतंत बसतो आणि खोटी आशा दाखवत नाही. २०२२ मध्ये तर तेवढीही पाळली नाही, बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकचा समारोप २० फेब्रुवारीला झाला आणि २४ ला रशिया युक्रेनमध्ये घुसला, पॅरालिंपिक व्हायचं होतं अजून. पॅरालिंपिक समितीने २ मार्चला सांगितलं की रशिया-बेलारूसचे खेळाडू तटस्थ म्हणून खेळतील, बाकीचे संघ खेळायला तयार होईनात, ३ मार्चला निर्णय फिरवला. एका दिवसात.

आता विषयातला 'शांतता', माझ्या मते भाचीने खरा जोर इथे द्यावा. मराठीत हा शब्द दोन कामं करतो, युद्ध नसणं आणि आवाज नसणं, वाचनालयातली 'शांतता राखा'वाली पाटी बघा. ऑलिंपिक समिती यातलं दुसरं काम फार मनापासून करते असं मला वाटतं. १९६८ ला मेक्सिकोत टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या अमेरिकेच्या कृष्णवर्णीय धावपटूंनी वंशभेदाच्या निषेधात विजयमंचावर काळे हातमोजे घालून मूठ वर केली तर दोघांना घरी पाठवलं.

मग वजन वापरावं का? वापरावं, पण वजन आहे कशात ते बघून, ठरावात नाही, दारात आहे, म्हणजे कोणाला खेळायला आत घ्यायचं यात. स्पार्टाला लागलं ते तेच. दक्षिण आफ्रिकेला वर्णभेदामुळे १९६४ च्या टोकियोला बोलावलं नाही, १९७० मध्ये ऑलिंपिक चळवळीतून काढलं, क्रिकेटही बंद झालं ते १९९१ मध्ये ईडन गार्डन्सवर परत सुरू झालं. भारताने १९७४ ची टेनिसची डेव्हिस कप फायनल त्यांच्याशी न खेळता सोडून दिली, फायनल हो! वर्णभेद एकट्या खेळामुळे गेला असं कोणी म्हणू नये, पण तिथल्या क्रिकेट आणि रग्बीवेड्या गोऱ्यांना हे झोंबलं. याला मराठीत सरळ 'वाळीत टाकणं' म्हणतात. शब्द ऐकून जातपंचायत आठवते, मलाही आठवते, पण बहिष्कारपेक्षा नेमका आहे. बहिष्कार एकटा देशही घालू शकतो, १९७४ ला आपण घातला तसा, वाळीत टाकायला अख्खं गाव लागतं.

तर भाषणात 'ऑलिंपिक युद्धतहकुबी' लिहा, पहिल्यांदा येईल तिथे 'म्हणजे खेळांपुरतं हात आवरणं' एवढं जोडा. परीक्षकांनी अडवलं तर युद्धविराम म्हणून मोकळं व्हा, स्वल्पविराम सगळ्यांना माहीत असतो.