सहा अंशांची थंडी

प्रिय सोन्या,

शनिवारी रात्री साडेसातला आपण इथून, कॅनडातल्या विनिपेगहून, आजीला व्हिडिओ कॉल लावला, तेव्हा निफाडला रविवारचे सकाळचे सात वाजले होते. आजी अंगणात शेकोटीपाशी बसली होती. अंगात स्वेटर, वरून शाल, कानांवरून घट्ट बांधलेला स्कार्फ, हातात चहाचा कप. "आज पारा सहावर आलाय रे, हाडं गोठली," असं ती म्हणाली आणि तू हसलास. "आजी, आमचा फ्रीज चारवर असतो! बाहेर उणे एकोणतीस आहे!" तीही हसली आणि लगेच म्हणाली, "मग अंगाला तेल लावतोस ना? कानटोपी घालतोस ना?"

फोन ठेवल्यावर तू मला विचारलंस, "आई, तिकडे खरी थंडी पडतच नाही. मग मराठी लोकांना थंडीतलं काय कळतं? आजीचं आपण का ऐकायचं?" मी ओटा आवरत होते, "नंतर सांगते" म्हणाले. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. म्हणून हे पत्र. रविवारच्या मराठी शाळेमुळे तुला एवढं वाचता येईल. एखाद्या शब्दाला अडलास तर विचार.

गेल्या जानेवारीत घर गरम ठेवणारी फर्नेस बंद पडली ती रात्र आठव. दुरुस्तीला माणूस सकाळशिवाय मिळणार नव्हता. आपण तिघं एका खोलीत झोपलो आणि पहाटे सहाला थर्मोस्टॅटवर ११ आकडा होता. तुझे दात वाजत होते. गोधडीतून नाकसुद्धा बाहेर काढायला तू तयार नव्हतास. त्या रात्री बाहेर उणे किती होतं ते मला आज सांगता येणार नाही, पण घरातले ते अकरा अंश आपल्या तिघांनाही लक्षात आहेत.

आजीच्या घरात थंडीच्या दिवसांत जवळजवळ प्रत्येक पहाट अशीच असते. तिथे फर्नेस नाही, भिंतींत उबेसाठी काही भरलेलं नाही. ते घर उन्हाळ्यातल्या चाळीस अंशांसाठी बांधलंय, वारा खेळावा आणि उष्णता बाहेर जावी म्हणून. पौषात तोच वारा घरात शिरतो. शहाबादी फरशीवर पाय ठेवला की कळ डोक्यात जाते. नळाचं पाणी इतकं गार, की भांडी घासताना बोटं वाकत नाहीत. आंघोळीला तांब्याचा बंब पेटवायचा, आणि तो पेटेपर्यंत कुडकुडत त्याच्याजवळच बसायचं. मी दहावीचा अभ्यास पहाटे चारला उठून केला तो गोधडी पांघरून, एक हात तेवढा लिहायला बाहेर काढून.

विनिपेगची थंडी दाराबाहेर थांबते. निफाडची थंडी घरात राहायला येते. म्हणून आजीचे सहा आणि तुझे उणे एकोणतीस शेजारी ठेवून कोणाची थंडी मोठी हे ठरवता येत नाही. तू त्या उणे एकोणतीसमध्ये दिवसाकाठी फार तर अर्धा तास असतोस. आजी तिच्या सहामध्ये उठते, झाडते, चूल पेटवते, आंघोळ करते.

आणि मामा तर त्या थंडीत शेतात असतो. डिसेंबर-जानेवारीत पारा खाली आला की द्राक्षाच्या तयार मण्यांना तडे जातात, वर्षभराची मेहनत दोन रात्रींत हातची जाते. म्हणून तो पहाटे तीनला उठून बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतो आणि ड्रिपचं पाणी सोडतो. बोअरचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, त्याने जमिनीची ऊब टिकते. धुराने डोळे लाल करून घरी येतो, तेव्हा आपल्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. तू त्याला एकदा बागेतल्या शेकोट्यांबद्दल विचार, तो तासभर बोलेल.

तर तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. इथल्या लोकांना घर कसं गरम ठेवायचं ते कळतं. आपल्या लोकांना गार घरात माणूस कसा गरम ठेवायचा ते कळतं. तुला दोन्ही लागणार आहे. पण आजीचं सगळंच इथे चालत नाही. काही गोष्टी इथे केल्या तर इजा होईल, आणि त्या मला तुला नीट सांगायच्या आहेत.

आधी गोधडी. शाळेत तुम्हाला शिकवलं ना, एक जाड कपडा घालण्यापेक्षा तीन पातळ घाला, कारण ऊब कपड्यांच्या मधल्या हवेत असते? आजीची गोधडी नेमकी तशीच आहे. तिच्या आत जुन्या सुती साड्यांचे पदर एकावर एक पसरलेत आणि सगळ्यांना मिळून बारीक धावदोरा घातलाय. त्या टाक्यांमुळे पदर सरकत नाहीत आणि मधली हवा तिथेच राहते. विमानात २३ किलोची बॅग मिळते, त्यातलं बरंचसं वजन मी एका वर्षी गोधडीला दिलं. मसाले कमी आणले. त्याचा मला कधीच पश्चात्ताप झाला नाही.

कानटोपीचंही तसंच. आजी लहान मुलांसाठी विणते ती माकडटोपी कान, गाल, हनुवटी, सगळं झाकते. बसस्टॉपवर तुझे मित्र जे बालाक्लाव्हा घालतात, ते आणि हे एकच. विंडचिल, म्हणजे वाऱ्यामुळे जाणवणारी थंडी, उणे ४० पर्यंत गेला की उघड्या कातडीला पाच-दहा मिनिटांत हिमदंश होऊ शकतो, हे तुला इथल्या हवामानाच्या सूचनांतून माहीत आहे. आजीला तो आकडा माहीत नाही, पण थंडी कानांतून शिरते असं ती म्हणते तेव्हा ती तुझे कान आणि गालच वाचवत असते.

आता तेल. निफाडला खोबरेल गोठलं की थंडी आली असं समजायचं. सकाळी बाटली उन्हात ठेवायची, आंघोळीपर्यंत पातळ होते. हे तेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली घट्ट होतं. आपलं घर २१ वर असतं, त्यामुळे इथे बाटली जवळपास बारा महिने पांढरीच दिसते. ती मी फर्नेसच्या झरोक्यावर का ठेवते, असं तू विचारायचास. तिकडच्या उन्हाची जागा इथे त्या झरोक्याने घेतली आहे.

आणि इथे त्या तेलाची गरज तिकडच्यापेक्षा जास्त आहे. उणे एकोणतीसच्या हवेत पाण्याची वाफ जवळजवळ नसतेच. तीच हवा घरात येऊन तापली की इतकी कोरडी होते, की तुझे ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, स्वेटर काढताना ठिणग्या उडतात. आंघोळीनंतर अंग जरा ओलं असतानाच तेल लावलं, तर ते पाणी कातडीत टिकतं. हे आजीचं शंभर टक्के ऐकायचं.

पण तेलाने हिमदंश थांबत नाही. आजीला वाटतं, गालाला तेल चोपडलं की वारा लागत नाही. तिच्या सहा अंशांत तसं मानल्याने काही बिघडत नाही. इथे बिघडतं. इथे गाल कापडानेच झाकायचे, तेल लावलेलं असो वा नसो.

दुसरी गोष्ट चोळण्याची. मी लहानपणी गारठून आले की आजी माझे हात तिच्या दोन्ही हातांत घेऊन जोरजोरात चोळायची आणि मग शेकोटीवर धरायला लावायची. मायेची याहून चांगली आठवण माझ्याकडे नाही. तरीही तुला सांगते, इथे तुझं किंवा मित्राचं नाक, कान, बोट पांढरं पडलं आणि तिथे काही जाणवेनासं झालं, तर ते चोळायचं नाही. बर्फाने तर मुळीच नाही. गोठलेली कातडी चोळल्याने आतून फाटते. हीटरवर किंवा आगीसमोरही धरायचं नाही, कारण बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही. घरात ये, ओलं काढ, बोटं काखेत धर किंवा कोमट पाण्यात घाल आणि लगेच मोठ्या माणसाला सांग. हे आजीला कळायचं कारण नव्हतं. तिच्या आयुष्यात कोणाचं बोट गोठलं नाही.

तिसरी चूक माझी स्वतःची. इथल्या पहिल्या हिवाळ्यात मी सवयीने सकाळी न्हाऊन ओल्या केसांनी बससाठी उभी राहिले. केसांच्या काड्या झाल्या आणि दिवसभर डोकं ठणकलं. तेव्हापासून आपल्या घरात न्हाणं रात्री.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही, ते तू आवडीने खातोस. भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि वर लोण्याचा गोळा, दुसऱ्या दिवशी तिळगूळ. तिळाच्या वजनात निम्मं तेल असतं. गार घरात राबणाऱ्या माणसाला असंच खाणं लागतं, आणि फावड्याने ड्राइव्हवे साफ करणाऱ्या मुलालाही. संक्रांतीला काळं का घालायचं, असंही तू मागे विचारलं होतंस. काळं कापड ऊन शोषतं हे खरं, पण त्यासाठी उन्हात बसायला हवं. जाकिटाच्या आत त्या रंगाने ऊब येत नाही. तरी काळा झब्बा घाल. एरवी सणाला काळं न घालणारे आपण वर्षातून या एका सणाला मुद्दाम घालतो, आणि मला ते लहानपणापासून आवडतं.

मला इथे थंडीपेक्षा जास्त जड गेला तो अंधार. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. निफाडला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या दिवसात साधारण अडीच तासांचा फरक असतो. इथे आठ तासांहून जास्त. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो. तू शाळेतून येऊन बूट काढतोस तोवर खिडकीबाहेर उजेड संपत आलेला असतो. पहिल्या वर्षी त्या वेळेला मला उगाच रडू यायचं. आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं मग दिवेलागण झाली ना, दिवा लाव." तिच्याकडे थंडीतही दिवेलागण सहाला होते. मी साडेचारला लावायला लागले. घड्याळ बघायचं नाही, काळोख बघायचा. ती वेळ मला सहन होऊ लागली ती त्या दिव्यामुळे. जूनमध्ये इथे पावणेदहाला मावळतं, तेव्हा दिवा लागेपर्यंत तुझे डोळे मिटत असतात. ते तसंच असू दे.

दिवाळीला मात्र इथला अंधार आपल्या बाजूने असतो. अभ्यंगस्नान सूर्य उगवायच्या आत व्हायला हवं म्हणून मला लहानपणी पाचच्या आत उठवायचे. इथे ऑक्टोबरच्या शेवटी आठच्या सुमाराला उजाडतं. तू सातला उठलास तरी पहाटच असते.

आणि या आठवड्यात संक्रांत. दिवस तिळातिळाने वाढतो, असं आपण म्हणतो. तुला शाळेत सांगितलं की दिवस २१ डिसेंबरनंतरच वाढायला लागतो, तेही बरोबर आहे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डोलतो, त्यामुळे संक्रांत सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. साधारण सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी होतं. तिकडे राहत असताना तो वाढणारा तीळ मला कधी दिसला नाही, ते नुसतं बोलणं होतं. इथे मध्य जानेवारीत दिवस रोज दोन मिनिटांनी वाढतो. आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या छपरावर पडणारं शेवटचं ऊन मी रोज बघते. काल ते पावणेपाचनंतरही होतं.

आता शनिवारच्या फोनचं. तू हसलास त्याचा आजीला राग आलेला नाही, पण त्या हसण्यात तिचं एक वाक्य राहून गेलं. ती विचारत होती, "तुझी उंची किती झाली?" ती तुझ्यासाठी नवी गोधडी शिवायला घेते आहे. जुनीतून तुझे पाय बाहेर येतात हे तिने मागच्या वेळी स्क्रीनवर पाहिलं होतं. माझ्या दोन सुती साड्या तिने काढून ठेवल्यात, आजोबांचं एक धोतर आहे, आणि तुला न होणारा एखादा पायजमा तिला हवा आहे. निळा चौकड्यांचा चालेल, तो धुऊन मी तुझ्या खुर्चीवर ठेवलाय. मार्चमध्ये कोणी जाणारं भेटलं की पाठवू.

उंची दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलच्या खुणेवरून मोजून ठेव. सेंटिमीटर तिला चालणार नाहीत, हातात सांग. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, पण तुझा नव्हे, माझा. मोजायला मला हाक मार.

तुझी,
आई