नाताळला घरोघरी कोणत्या गमतीशीर प्रथा असतात? आम्ही आमच्या घरी कोणती सुरू करावी?

तुम्ही लिहिलंय की मुलगी पाच वर्षांची झालीय, झाड सजवता, गिफ्ट देता, पण 25 तारखेला सकाळी कागद फाडून झाले की सगळं दहा मिनिटांत आटोपतं आणि 'हे खास आपल्या घरचं' असं काही राहत नाही, तर बाकीच्या घरांत काय काय चालतं ते सांगा. अहो खूप काय काय चालतं! लोक लाकडाच्या ओंडक्याला जेवायला घालतात, मासा बाथटबमधे पाळतात, बदाम गालात लपवून बसतात. सगळं सांगते, पण आधी माझं मत सांगून टाकते.

ज्या घरगुती प्रथा वर्षानुवर्षं टिकतात त्यांच्यात मला एक गोष्ट हमखास दिसते. घरातल्या सगळ्यात लहान माणसाकडे त्यात एक खरंखुरं काम असतं आणि ते काम दुसऱ्या कुणी केलं तर चालत नाही. जिथे आईवडील राबतात आणि पोरं नुसती बघतात ते दोनतीन वर्षांत बंद पडतं, कारण मोठी माणसं दमतात आणि 'या वर्षी राहू दे' म्हणतात. पोरं कधीच राहू दे म्हणत नाहीत, त्यांच्या हातात काम असेल तर ती तुम्हाला ओढत नेतात.

आमच्याकडचं सांगते. आमच्याकडे गिफ्ट वाटायचा मान सगळ्यात लहान माणसाचा. माझी पुतणी अगदी छोटी होती तेव्हा तिला वाटायची हौस तर भारी पण वाचता येत नव्हतं, मग वहिनीने चिठ्ठ्यांवर नावांऐवजी चित्रं काढली. आजोबांच्या खोक्यावर चष्मा, आजीच्या खोक्यावर लोकरीचा गुंडा आणि त्यात खुपसलेल्या दोन सुया, माझ्या खोक्यावर उघडं पुस्तक, काकाच्या खोक्यावर मिटलेले डोळे कारण काका बसल्या जागी झोपतो. ती एक खोकं उचलायची, चित्र नीट बघायची, मग एकेकाच्या तोंडाकडे बघत खोलीभर फिरायची. कुणी खूण करायची नाही हा नियम. सगळे ओठ आवळून बसलेले असायचे आणि आजोबा मुद्दाम चष्मा काढून खिशात ठेवायचे. तिला ओळखलं की ती धावत जाऊन मांडीत खोकं टाकायची, मग ते एकच खोकं सगळ्यांसमोर उघडायचं आणि ते होईपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. तुमचं दहा मिनिटांचं दुखणं तिथेच बरं होतं बघा, आमची आख्खी सकाळ त्यात जाते. आता पुतणी धडाधडा वाचते तरी नावं लिहिलेली कुणालाच चालत नाहीत. वाटायचं काम आता भाच्याकडे आलंय आणि पुतणीला चित्रं काढायची बढती मिळालीय. मागच्या वेळी तिने आजोबांसाठी चष्मा नाही काढला, अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं काढलं, आणि आजोबांनी ती चिठ्ठी पाकिटात जपून ठेवलीय.

दुसरं म्हणजे तीन राजे, बाळ येशूला भेटी घेऊन आलेले. ख्रिस्तजन्माचा गोठा तुम्ही मांडत असाल तर हे तुमच्या मुलीला नक्की आवडेल. गोठा मांडायची पद्धत फार जुनी आहे, असिसीचे संत फ्रान्सिस यांनी 1223 मधे इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरा बैल आणि खरं गाढव आणून जन्माचा देखावा उभा केला होता, तिथून ती घराघरात पसरली असं मानतात. बऱ्याच घरांत 24 च्या मध्यरात्रीपर्यंत गव्हाण रिकामी ठेवतात आणि मग घरातलं लहान मूल बाळ येशूची मूर्ती त्यात ठेवतं. तीन राजे तर 6 जानेवारीला पोचायचे, म्हणून त्यांना सुरुवातीला गोठ्यात ठेवतच नाहीत, घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवतात आणि रोज थोडं थोडं पुढे सरकवतात. आमचे राजे पुस्तकांच्या कपाटापासून निघतात. रोज किती सरकायचं हे पोरं ठरवतात, मधे टेबलाचा डोंगर लागतो, सतरंजीचं वाळवंट लागतं, आणि एका उंटाचा पाय तुटल्यापासून एक राजा प्लॅस्टिकच्या जिराफाबरोबर येतो. नवा उंट आणला होता पण पोरांनी तो लावू दिला नाही. याचा मोठा फायदा म्हणजे 25 तारखेनंतर जे एकदम रिकामं रिकामं वाटतं ते होत नाही, राजे अजून वाटेत असतात ना.

आता जगातल्या घरांबद्दल. माझी सगळ्यात लाडकी प्रथा स्पेनमधल्या कॅटलोनियाची, तिथे 'तिओ' नावाचा लाकडाचा ओंडका असतो, पुढचे दोन पाय लावलेले, डोळे नाक हसरं तोंड रंगवलेलं आणि डोक्यावर लाल टोपी. 8 डिसेंबरपासून मुलं त्याला रोज रात्री खाऊ घालतात, फळांची सालं, पावाचा तुकडा, सुकामेवा, आणि थंडी वाजू नये म्हणून पांघरूण घालतात. सकाळी खाऊ गायब असतो आणि ओंडका जाड होत चाललाय असं पोरांना वाटतं (काही घरांत मोठी माणसं खरंच गुपचूप मोठा ओंडका आणून ठेवतात म्हणे). मग 24 किंवा 25 ला मुलं काठ्यांनी त्याला बडवतात आणि गाणं म्हणून सांगतात की शी कर! पांघरूण उचललं की खाली मिठाई आणि छोट्या भेटवस्तू. मधे मुलांना प्रार्थना करायला किंवा काठ्या गरम करायला दुसऱ्या खोलीत पाठवतात, तेवढ्यात मोठे लोक पांघरुणाखाली सामान भरतात. ऐकायला विचित्र वाटतं पण विचार करा, दोन आठवडे रोज रात्री पाच वर्षांच्या पोराला कुणाला तरी जेवू घालायची जबाबदारी आहे, त्याला नाताळ किती मोठा वाटत असेल.

पोलंडमधे 24 च्या संध्याकाळी जेवायला बसायचं कधी हे घड्याळ ठरवत नाही, आकाशात पहिली चांदणी दिसली की बसायचं, आणि चांदणी शोधायचं काम मुलांचं, ती खिडकीला नाक लावून उभी असतात. टेबलक्लॉथखाली थोडं गवत पसरतात, गव्हाणीची आठवण म्हणून, आणि एक ताट जास्तीचं मांडतात, अचानक कुणी दारात आलं तर. त्या ताटात बऱ्याच घरांना त्या वर्षी गेलेलं माणूसही आठवतं. मला ही प्रथा फार जवळची वाटते कारण सणाच्या दिवशी नसलेल्या माणसाबद्दल कुणी बोलत नाही आणि सगळ्यांच्या मनात तेच असतं, इथे निदान त्याची जागा समोर मांडलेली असते.

जर्मनीतली एक गोष्ट सांगायलाच हवी. हॅम्बुर्गमधे योहान हिनरिख विखर्न नावाचे पाद्री गरीब मुलांसाठी आश्रम चालवायचे, तिथली मुलं सारखी विचारायची नाताळ आला का, आला का, म्हणून 1839 मधे त्यांनी गाडीच्या एका जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोजच्यासाठी छोट्या लाल आणि रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या, रोज एक पेटवायची. आज घरोघरी चार मेणबत्त्यांचं जे अ‍ॅडव्हेंटचं (म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या काळाचं) चक्र दिसतं ते यातून आलं. वाट बघणं हाच एक कार्यक्रम करून टाकला त्यांनी. नाताळपर्यंत रोज एक छोटी कागदी खिडकी उघडायचं कॅलेंडर बाजारात मिळतं त्यापेक्षा हे मला जास्त आवडतं, पण मेणबत्ती असल्यामुळे मोठं माणूस शेजारी हवंच.

डेन्मार्कमधे भाताच्या गोड खिरीसारख्या पदार्थात एकच आख्खा बदाम टाकतात, ज्याला मिळेल त्याला बक्षीस, आणि ज्याला मिळतो तो गालात लपवून निर्विकार चेहऱ्याने बसतो म्हणजे बाकीचे पोट भरलं तरी खात राहतात. जेवणानंतर सगळे हात धरून झाडाभोवती गाणी म्हणत फिरतात. चेक घरांमधे 24 च्या जेवणाला कार्प मासा असतो, तो जिवंत आणून काही दिवस बाथटबमधे ठेवायची पद्धत होती, आणि पोरं त्याला नाव ठेवायची, मग तो ताटात कसा येणार, म्हणून कितीतरी घरांतून तो शेवटी नदीत सोडला जातो. मला वाटतं यापुढे नाव द्यायला प्लॅस्टिकचाच मासा बरा, त्या बिचाऱ्या माशाचे हाल कशाला.

आइसलंडमधे 24 ला रात्री पुस्तकं भेट देतात आणि मग वाचत बसतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे आयात वस्तूंवर बंधनं होती पण कागद त्यामानाने मिळत होता, म्हणून पुस्तकं द्यायची सवय लागली आणि 1944 पासून नव्या पुस्तकांची यादी निघते. तुमच्या घरी वाचणारी माणसं असतील तर हे उचलाच, खर्चही आवाक्यातला.

अमेरिकेत झाडात काचेची हिरवी काकडी लपवतात, शोधेल त्याला जास्तीची भेट. जुनी जर्मन प्रथा म्हणून ती विकली जाते पण बहुतेक जर्मन लोकांनी हे कधी ऐकलेलंच नसतं. त्याने काही बिघडत नाही, हिरव्या झाडात हिरवी वस्तू शोधणं पोरांना खूप आवडतं आणि तुम्ही काकडीऐवजी काहीही लपवू शकता.

एक प्रकार मात्र मी सुचवणार नाही, तो म्हणजे 'एल्फ ऑन द शेल्फ' नावाचा बाहुला, त्याची जागा रोज रात्री बदलतात आणि 'तू नीट वागतेस का ते तो बघतोय' असं मुलांना सांगतात. एकतर आईने रोज रात्री झोपमोड करून त्याला हलवायचं, आणि दुसरं म्हणजे सणाच्या महिन्यात मुलीला आपल्यावर पाळत आहे असं कशाला वाटू द्यायचं. आमचे राजेही रोज हलतात पण ते पोरं स्वतः हलवतात, फरक तिथेच आहे.

तर तुमच्यासाठी माझं म्हणणं असं की या वर्षी एकच सुरू करा, दोन नको. चित्रांच्या चिठ्ठ्या सगळ्यात सोप्या, सामान काही लागत नाही, आणि चित्रं मुलीसमोर काढू नका नाहीतर ओळखण्यातली मजा जाते. बदामाचा खेळ करणार असाल तर आधी घरात आणि पाहुण्यांत कुणाला सुक्यामेव्याची अ‍ॅलर्जी नाही ना ते विचारा आणि फार छोटं मूल असेल तर तो खेळ राहूच द्या, बदाम घशात अडकतो. आणि पुढच्या वर्षी तुम्ही स्वतःहून काही काढू नका, डिसेंबर लागला की ती आठवण करते का बघा. तिने विचारलं तर ठेवा, नाही विचारलं तर खुशाल सोडून द्या आणि दुसरं काहीतरी करून बघा.