तांडेलही तूच, खलाशीही तूच?

दर पावसाळ्यात माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, एकच काळजी वेगवेगळ्या आवाजांत येते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. वर्षभर समुद्रावर असणारे वडील घरी येतात आणि मुलगा रात्री दोन वाजता मोबाईल घेऊन बसलेला त्यांना पहिल्यांदाच दिसतो. मग आई विचारते, तशी मालवणच्या या आईनेही विचारलं, "म्याडम, व्यसन लागला काय तेका?" (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

व्यसन हा शब्द मी लगेच उच्चारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022पासून लागू असलेल्या आजारांच्या यादीत गेमिंगच्या विकाराचा समावेश आहे, पण त्यासाठी खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं आणि नुकसान दिसूनही न थांबणं, हे साधारण वर्षभर दिसावं लागतं. ते दिसलं तर मी मनोविकारतज्ज्ञांकडेच पाठवते. इथे मी आधी मुलालाच विचारलं, "दिवसाला किती तास खेळतोस?"

"मी खेळतच नाय. मी स्पर्धा घेतंय."

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेला हा मुलगा बीजीएमआय या मोबाईलवरच्या लढाईच्या खेळाच्या स्पर्धा भरवत होता. चौघांचा एक संघ, असे पंचवीस संघ, म्हणजे एका सामन्यात शंभर जण. नोंदणी, स्लॉट, रूम आयडी आणि पासवर्ड पाठवणं, स्क्रीनशॉट तपासून पॉइंट टेबल लावणं, सगळं विनामूल्य. "पैसे लावून खेळतत मां?" असं वडिलांनी मधेच विचारलं. 2025च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, वेगळी मान्यता दिली, हे त्यांना मुलानेच समजावून सांगितलं. मी गप्प राहिले. असं गप्प राहणं शिकायला मला बरीच वर्षं लागली.

मग झोप का नाही? एका सामन्यात लाइट गेल्यामुळे एक संघ बाहेर पडला होता. त्यांना पुन्हा सामना हवा होता, बाकीच्यांना नको होता. ग्रुपवर शिव्या सुरू झाल्या आणि तेव्हापासून हा पहाटेपर्यंत एकेकाला समजावत बसायचा.

"सगळ्यांचं समाधान व्हायला पाहिजेच," तो म्हणाला.

हा 'च' ऐकला की माझे कान टवकारतात. 'हे व्हायलाच हवं' हा हट्टच माणसाला छळतो, असं सांगणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विचारपद्धत मी मानते. माणसाला शिव्यांपेक्षा त्या 'च'चा जास्त त्रास होतो, असा माझा अनुभव आहे. मी विचारलं, "समाधान झालं तर बरं, आणि नाही झालं तर?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर आलं ते तिसऱ्या भेटीत, आणि ते माझ्याकडून आलं नाही. मुलगा कामांची यादी सांगत होता. ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, असलेले वडील बराच वेळ खाली बघत ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "ह्या सगळ्याक खलाशी किती तुझ्याकडे?"

"कोणच नाय. मी एकटोच."

"मगे तांडेलय तूच नि खलाशीय तूच? अशान होडी बुडतली, मेल्या."

मुलगा हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. आपल्या कामाला बाबांनी 'होडी' म्हटलं, हे त्याला माझ्याआधी कळलं. तोवर मी त्या 'च'शीच झटत होते. त्याला युक्तिवादाइतकाच त्याचं काम ओळखणारा माणूस हवा होता, हे मला त्या क्षणी उमगलं.

पुढचं त्या दोघांनीच ठरवलं. नोंदणी एका मित्राकडे, गुण मोजणं दुसऱ्याकडे. नेट किंवा लाइट गेल्यास काय करायचं, ते सामन्याआधी लेखी. तक्रार निकालानंतर अर्ध्या तासात, तीही रेकॉर्डिंगसह. शेवटचा सामना रात्री दहाच्या आत. ऐनवेळी नियम बदलायचा नाही, मित्रासाठीसुद्धा नाही.

पालकांना मी एवढंच सांगते: फोन हिसकावण्याआधी एक संध्याकाळ शेजारी बसा आणि "तू नेमकं काय करतोस?" असं विचारा. उत्तर 'खेळतो' असलं तरी बसा. आणि मुलांनो, फुकट केलेल्या कामालाही वेळेची हद्द हवी.

नारळी पौर्णिमा झाली, वडील ट्रॉलरवर गेले. पुढच्याच स्पर्धेत एका संघाने पुन्हा भांडण काढलं. मुलाने त्यांना नियमाचा क्रमांक पाठवला आणि तो जेवायला उठला.