पाऊस आला, किनारा दिसेना

प्रश्न : आम्ही तिघे मित्र, तिघांनाही पोहता येतं. ऑक्टोबरात हर्णैहून इंजिनाची लहान फायबर होडी घेऊन किनाऱ्याकिनाऱ्यानं केळशीला जायचं आणि त्याच दिवशी परतायचं, असा बेत आहे. वाटेत पाऊस लागला तर पुढे जावं की मागे फिरावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ते पावसाची सर अंगावर येण्याआधी ठरवायचं. सर कोसळायला लागली की ना पुढे, ना मागे. नांगर टाकायचा आणि थांबायचं.

मी त्या पट्ट्यात तीस वर्षं मासेमारी केली, बरीचशी तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख म्हणून. तिथे आम्ही खुणांवर चालतो. मागे सुवर्णदुर्ग आणि कनकदुर्गाचा दीपस्तंभ, उजव्या हाताला आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, मग आडे, उटंबर आणि शेवटी केळशीची वाळूची टेकडी. अंतर जेमतेम बारा-तेरा किलोमीटर. पण जोराची सर आली की यातलं एकही दिसत नाही. भिजण्याची काळजी करू नका, खुणा जातात त्याची करा.

ऑक्टोबरातला पाऊस आषाढासारखा समुद्रावरून येत नाही. दुपारनंतर ढग सह्याद्रीवर चढतात आणि विजा घेऊन पूर्वेकडून खाली उतरतात. सरीच्या आधी जमिनीवरून गार वाऱ्याचा झोत येतो. तो होडीला बाहेर लोटतो, आणि किनाऱ्याजवळ पाणी सपाट असल्यानं नवख्याला ते कळतही नाही. म्हणून किनाऱ्याला धरून राहा, पण लाटा फुटतात त्या पट्ट्याच्या बाहेर. कड्यावरच्या गणपतीमागचं आभाळ काळवंडलं की त्याच क्षणी निर्णय घ्या.

एकदा मी तो उशिरा घेतला. आड्यासमोर सर आली आणि नाळेपलीकडचं, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापलीकडचं दिसेना. होकायंत्र पाहून किनाऱ्याकडे वळलो. पाचेक मिनिटांनी इंजिन जरा मंद केलं, तर लाटांचा आवाज पाठीमागून येत होता. जाळं कापायची सुरी होकायंत्राला लागून पडली होती, काटा तिच्याकडे ओढला गेला होता. सुरी उचलली तसा काटा गर्रकन फिरला. मग दोरीला शिसं बांधलं, त्याच्या बुडाला ओला साबण चोपडला आणि खाली सोडलं. चार वाव, म्हणजे चोवीसेक फूट पाणी, आणि साबणाला वाळू चिकटलेली, म्हणजे नांगर धरेल असा तळ. नांगर टाकला. पाऊण तासानं आभाळ उघडलं तेव्हा समोर आडं होतं. तुमच्या होडीत होकायंत्राजवळ सुरी, कोयती, मोबाईल काही ठेवू नका. नांगराचा दोर खोलीच्या निदान पाचपट सोडा. तोकड्या दोरावर नांगर घसरतो. विजा चमकत असतील तर होडीच्या तळाशी बसा, उभं राहू नका.

पाऊस पडून गेल्यावरचा खरा धोका खाडीच्या तोंडाशी असतो. ओहोटीचं पाणी आणि नदीला आलेलं पाणी जोरानं बाहेर पडतं, समोरून लाट येते, आणि वाळूच्या दांड्यावर दोन्ही भिडून पाणी उभं राहतं. लहान होडी तिथेच उलटते. केळशीच्या खाडीत शिरायचं ते भरतीवर. भरतीचा आमचा हिशोब सोपा आहे : तिथीची पाऊणपट. द्वादशीला बारा पाऊण नऊ, म्हणजे साधारण 9 वाजता पूर्ण भरती. त्या दिवशी 6:30 ला निघालात तर चढत्या पाण्यावर आत शिराल. चहा घ्या आणि ओहोटीला जोर यायच्या आत बाहेर पडा. दुपारचं जेवण हर्णैत.

इंजिन पावसात खोकायला लागलं तर आधी पेट्रोलची टाकी बघा. झाकणावरच्या हवेच्या भोकातून पाणी आत जातं. झाकणाला आडोसा करा, पण भोक बुजवू नका, नाहीतर पेट्रोल ओढलं जाणार नाही. पाणी उपसायचा डबा दोरीनं बांधून ठेवा, वल्ही घ्याच.

तिघांना पोहता येतं हे चांगलं, पण जाकीट अंगात हवं, फळीखाली नको. बंदरात तीन नंबरचा धोक्याचा बावटा असेल तर निघूच नका. तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर तिघांच्याही फोनमध्ये असू द्या. आणि माझं ऐकाल तर पहिल्या खेपेला हर्णैचा एखादा तांडेल सोबत घ्या. आड्याच्या आणि केळशीच्या तोंडाशी वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते. यंदा वाट कुठून आहे ते त्यालाच माहीत असतं.