'इंटरस्टेलर' कुणाला डोक्यावर घ्यावासा वाटतो, तर कुणाला रटाळ. असं का?

कारण हा एका तिकिटात दोन सिनेमे आहेत. किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने बेतलेलं कृष्णविवर बघायला गेलेल्याला शेवटचा अर्धा तास खटकतो, कारण तिथे गणिताची जागा बाप-लेकीचं प्रेम घेतं. ज्याला ते नातंच भावलं, त्याला आधीची समीकरणं जड जातात. माझ्या मते दोन्ही धागे कृष्णविवराजवळच्या पाण्याच्या ग्रहावर घट्ट जुळतात. तिथला १ तास म्हणजे पृथ्वीवरची ७ वर्षं, म्हणजे वेळ सुमारे ६१,००० पट मंद. एवढा फरक पडायला कृष्णविवर जवळजवळ कमाल वेगाने फिरणारं हवं. हे माहीत असलं की नंतर पृथ्वीवरून आलेले मुलांचे व्हिडिओ निरोप मनाला जास्तच लागतात.

संवाद ऐकू येत नाहीत ही तक्रार खरी आहे, पण प्रत्येक वेळी थिएटरचा दोष नसतो. दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलनने काही ठिकाणी पार्श्वसंगीतातला ऑर्गन मुद्दाम संवादांच्या वर ठेवला आहे.

मुंबईत पुन्हा लागला तर आयमॅक्सच निवडा. साध्या पडद्यावर चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण २.३९:१ असतं, डिजिटल आयमॅक्सवर काही दृश्यं १.९०:१ पर्यंत उंच होतात. पुढच्या रांगा टाळा, मागच्या एक तृतीयांशात मधली सीट घ्या. सिनेमा १६९ मिनिटांचा, वर मध्यंतर. रात्री १० चा शो घेतलात तर शेवटची लोकल चुकू शकते. घरी बघताना सबटायटल्स लावाच.